आग्रहाचं पाणी

एका माणसाने मला तीनदा कळवलं की आता पाणी पुरे, आणि तिन्ही वेळा मी त्याला आणखी पाणी पाठवलं. तांब्याभर नव्हे, कालवाभर. तो माणूस वाळवंटात, कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. आणि मी त्याच्यापासून हजारो मैलांवर, इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या एका ऑफिसात, चहाच्या किटलीशेजारी बसलेली. वय बावीस. डिग्री कोरी करकरीत आणि डोकंही तसंच, म्हणजे फारसं वापरात न आलेलं. आज हॅरोच्या घरात खिडकीपाशी बसून मी हे लिहिते आहे आणि माझी नात ईरा खांद्यावरून डोकावून म्हणते आहे, "आजी, तुझा चूक खूपच मोठा होता!" तिचं मराठी असंच आहे. पण मुद्दा बरोबर असल्यामुळे मी तिला दुरुस्त करत नाही.

ही चूक नीट समजायची तर आधी माझ्या आत्याचं घर समजायला हवं, कारण दरवाजे कालव्याचे हलले असले तरी ते हलवणारी अक्कल आत्याच्या स्वयंपाकघरातली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, नगर जिल्ह्यात कालवा निरीक्षक होते. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की सायकलवर पाटापाटाने हिंडायचे, आणि जाताना मला पुढच्या दांडीवर बसवायचे. मुलीला इंजिनिअर करायचं हे त्यांच्या मनाने घेतलं. त्यांची धाकटी बहीण डॉक्टर नवऱ्याबरोबर इंग्लंडला होती, तेव्हा माझी रवानगी तिकडे झाली. बर्मिंगहॅमला शिकले आणि पहिली नोकरी लागली ती नेमकी आत्याच्याच गावात. वेगळी खोली घेऊन राहते, असं मी एकदा म्हणून पाहिलं. आत्या म्हणाली, "रहा की. जेवायला रोज इथे ये, झोपायला तेवढी तिकडे जा." मग खोली घेण्यात काही हशील उरलं नाही.

आत्याचं घर म्हणजे एका ओळीत उभ्या असलेल्या एकसारख्या विटांच्या घरांपैकी एक. पण डोळे बांधून सोडलं असतं तरी मी ते ओळखलं असतं, वासावरून. शेजारच्या घरांतून टोस्ट आणि बेकन यायचं, आमच्या घरातून गोडा मसाला. तेव्हा तिथे आमसुलं मिळत नसत, म्हणून आत्याने मागच्या अंगणातल्या रुबार्बला कामाला लावलं होतं. इंग्रज लोक ज्या लालसर आंबट दांड्यांचं गोड कस्टर्डबरोबरचं पक्वान्न करतात, त्यांची ती आमटी करायची, आणि उरलेल्यांचं लोणचं. ब्रसेल्स स्प्राउटला ती "बुटका कोबी" म्हणायची आणि ओलं खोबरं नाही म्हणून सुकं भिजवून त्याच्या भाजीवर पेरायची. श्रीखंडाचा चक्का बाथरूमच्या नळाला टांगलेला असायचा. त्या दिवशी अंघोळ लवकर उरकावी लागे. त्या बाथरूमचं आणखी एक सांगायला हवं. वरच्या मजल्यावर गरम पाण्याचा नळ सोडला की आधी पाइपातून कुणीतरी खाकरल्यासारखा आवाज यायचा, मग थंडगार पाणी, आणि पुष्कळ वेळाने गरम. नवा पाहुणा कंटाळून नळ आणखी सोडायचा, आणखी सोडायचा, आणि मग एकदम भाजून ओरडायचा. आत्या खालून सांगायची, "अरे, ते निघालंय, येतंय! थांब की जरा!"

पाहुणे दर रविवारी असत. काका जवळच्या हॉस्पिटलमध्ये होते आणि तिथे पुण्या-नागपूरकडचे चारदोन तरुण डॉक्टर नेहमी असायचेच. आठवडाभर कँटीनचे बटाटे खाऊन रविवारी ते आत्याकडे येत. जेवणाच्या टेबलाला इस्त्रीचं टेबल जोडून पंगत व्हायची. आणि मग आत्या वाढायला उभी राहायची. त्या घरात "नको" हा शब्द आत्याच्या कानापर्यंत पोचतच नसे. "नको काकू" म्हटलं की एक पुरी, "खरंच नको" म्हटलं की दोन. एक नागपूरकर डॉक्टर तर दोन्ही हात ताटावर आडवे धरून बसायचा. आत्याने त्याच्या मनगटावर श्रीखंड वाढलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. (पुढे त्याच्याशी माझं लग्न झालं. मनगट तेव्हापासून ओळखीचं.) वाढून झालं की मागे ओट्याशी येऊन ती मला शिकवायची, "जो मागतो ना, त्याला बेतानं वाढायचं, त्याची भूक डोळ्यांत असते. जो नको म्हणतो तो घरंदाज. त्याला आग्रह करायचा. बिचारा संकोचतो." हे धडे मी मन लावून घेतले. बर्मिंगहॅमच्या प्राध्यापकांचं सगळंच काही मी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

आता ऑफिस. आमच्या कंपनीने एका वाळवंटी देशात लांबच लांब कालवा बांधून दिला होता. देशाचं नाव लिहीत नाही. तिथली सरकारं त्यानंतर इतक्यांदा बदलली की कुणाला राग यायचा ते मलाच कळेनासं झालं आहे. एका नदीवर धरण, तिथून निघालेला मुख्य कालवा, आणि तो वाळूतून पुढे पुढे जात वस्त्यांना पाणी देणार. कालवा बांधून झाला की पहिली काही वर्षं तो चालवूनही द्यायचा, असं कंत्राट होतं. रोज सकाळी प्रत्येक ठाण्यावरून टेलेक्स, म्हणजे यंत्रावर आपोआप टाइप होणारा निरोप, यायचा: पाण्याची पातळी किती, मागणी किती. त्यावरून आम्ही हिशेब मांडून कुठला दरवाजा किती उघडायचा ते कळवायचं. कालव्याचा नकाशा ऑफिसच्या बोळात भिंतीवर लांबलचक चिकटवला होता. नदी रिसेप्शनपाशी उगम पावायची, आणि कालव्याचं टेल, म्हणजे शेवटचं टोक, चहाच्या खोलीच्या दारापाशी यायचं. माझं टेबल तिथेच. किटलीची वाफ लागून लागून नकाशावरचं वाळवंट त्या कोपऱ्यात फुगलं होतं.

माझे साहेब मिस्टर हॅलम. उंच, हाडकुळे, विनोद केला की हसायचे नाहीत, चष्मा पुसायचे. त्यामुळे चष्मा दिसला की आम्ही हसायचो. त्यांनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती. त्या कालव्यात अर्ध्या वाटेवर एक फाटा आहे. तिथून एक शाखा डावीकडे एका गावाला जाते आणि मुख्य कालवा सरळ टेलला. त्या फाट्याच्या खालचा दरवाजा जास्त उघडला की शाखेचं पाणी तिथल्या तिथे कमी होतं, पण टेलला वाढलेलं पाणी पोचायला चार दिवस लागतात. "आज केलेलं आज दिसत नाही," ते म्हणाले. मी मान डोलावली. आत्याच्या नळाखाली कित्येकदा भाजलेली मी. मला वाटलं, हे तर मला येतंच.

ऑगस्टमध्ये हॅलम साहेब बायकोबरोबर कॅरॅव्हॅन घेऊन वेल्सला सुट्टीवर गेले. नेहमीचंच वेळापत्रक पाठवत राहा, म्हणाले. काही वेगळं करायची गरज पडणार नाही. आणि खरंच पडली नसती.

सोमवारी टेलवरून टेलेक्स आला. तिथे इद्रिस नावाचा इंजिनिअर होता. त्याला मी पाहिलं नव्हतं, पण त्याचे टेलेक्स मला फार आवडायचे. स्वच्छ, मोजके, शेवटी धन्यवाद. "पाणी पुरेसं आहे. कृपया कमी करा. धन्यवाद." मी तो कागद हातात धरून बसले आणि माझा ऊर भरून आला. अण्णांबरोबर सायकलवरून हिंडताना मी टेलचे लोक पाहिले होते. त्यांच्यापर्यंत पाणी कधी धड पोचतच नसे. अण्णा म्हणायचे, टेलचा माणूस ओरडेनासा झाला की समजावं, तो ओरडून दमलाय. आणि हा तर ओरडत नव्हता. वर आभार मानत होता! केवढा संकोच, केवढा घरंदाजपणा. उलट मधल्या शाखेचे इंजिनिअर रोज हातभर लांब टेलेक्स पाठवायचे, आम्हाला आणखी हवं, अमुक टक्के हवं. म्हणजे मागणारा. मग काय, आत्याची भाची उठली आणि फाट्याखालचा दरवाजा जरासा जास्त उघडायचा निरोप तिने धाडला.

मंगळवारी इद्रिसचा टेलेक्स: "कालचं पुन्हा कळवतो. पाणी पुरेसं आहे, कमी करा." धन्यवाद नव्हतं. मी मनाशी म्हटलं, बघ, किती ओशाळलाय. आणखी थोडं सोडलं. शाखेकडून दीड हात लांब टेलेक्स आला. तो मी बाजूला ठेवला. बुधवारी इद्रिसने एकच शब्द पाठवला: "कमी." एवढ्या लांबून एक शब्द पाठवणारा माणूस केवढा विनयशील असेल, या विचाराने त्या बाईसाहेबांनी तिसऱ्यांदा दरवाजा उघडवला, आणि मग चहात दोन बिस्किटं बुडवून खाल्ली. त्या बिस्किटांची मला आजही लाज वाटते. बाकीचं समजू शकते मी, वय होतं, संस्कार होते. पण बिस्किटं!

हॅलम साहेब पुढच्या सोमवारी उन्हाने नाक सोलवटून परत आले. तोवर माझं आग्रहाचं पाणी टेलला पोचलं होतं. तिथे पाणी साठवायचे दोन मोठे हौद होते. वादळाने आलेली वाळू उपसायला इद्रिसने त्यातला एक रिकामा केला होता. वर्षातून एकदाच ते काम होई, म्हणून तर तो पाणी कमी करा म्हणत होता. अर्ध्या उपसलेल्या हौदात पाणी शिरलं, फावडी, गाडे, फळ्या सगळं बुडालं. ते एक वेळ परवडलं. पण शाखेच्या त्या गावाची पिण्याच्या पाण्याची टाकी तळाला गेली होती. आठवडाभर ते बिचारे खरं तेच सांगत होते, आणि दिवसेंदिवस लांबत गेलेले त्यांचे ते टेलेक्स मी हावरटपणाच्या ढिगात टाकले होते. गावात माणसं, गुरं, एक दवाखाना. पाणी पुरवून पुरवून वापरलं तरी दोन-तीन दिवसांत टाकी कोरडी पडणार होती.

हॅलम साहेबांनी सगळे कागद क्रमाने वाचले. चष्म्याला हात लावला नाही.

"त्याने तीनदा कमी कर म्हटलं," ते म्हणाले.

"हो."

"आणि तू तीनदा वाढवलंस. एखाद्याने एकदा वाचताना चूक केली तर मी समजू शकतो. हे काय आहे?"

मी काय सांगणार? इंग्रज माणसाला आग्रह कसा सांगायचा? ज्यांच्या घरी पाहुण्याला एकदा विचारतात आणि "नो, थँक यू" म्हटलं की बशी उचलून आत नेतात! मी म्हटलं, "मला वाटलं, ते संकोचतायत."

ते म्हणाले, "नदीला सध्या पाणी कमी आहे, वरून जादा सोडता येणार नाही. आपण टँकर पाठवायला सांगू. तू उद्यापासून ड्रॉइंगच्या खोलीत बस."

ड्रॉइंगच्या खोलीत बसणं म्हणजे गटारांच्या नकाशांवर अक्षरं काढणं. पण खरं सांगते, मला त्याचं काही वाटलं नाही. मला दिसत होते ते टँकर. अण्णांच्या भागात दुष्काळात टँकर यायचे, ते मी पाहिले होते. वाळूच्या त्या रस्त्यावर किती टँकर जाणार, किती रुतणार आणि घागरी घेऊन बायका किती वेळ उभ्या राहणार? हे मी केलं होतं, तेव्हा निस्तरणारही मीच. मी बोळात गेले आणि त्या लांबलचक नकाशासमोर उभी राहिले. पुढे गेलेलं पाणी मागे येत नाही, हे कुणालाही कळतं. पण येणारं पाणी अडवता येतं. फाट्याखालचा दरवाजा पूर्ण बंद केला तर वरून येणारं सगळंच्या सगळं पाणी शाखेला मिळेल. आणि टेल? टेलला मी आधीच नको इतकं वाढून ठेवलं होतं. ते त्यांनी पुरवून वापरायचं. दरवाजा एकदम मात्र बंद करायचा नाही, पातळी धाडकन उतरली तर कालव्याचे काठ ढासळतात. टप्प्याटप्प्याने, आणि खालचे दरवाजेही त्या बेताने आवळत न्यायचे.

मी परत आत गेले. "मला दुपारपर्यंत वेळ द्या," म्हटलं. "हिशेब मांडून दाखवते. चुकला तर ड्रॉइंगच्या खोलीत स्वतःची खुर्ची स्वतः उचलून नेईन."

दुपारी त्यांनी हिशेब पाहिला, दोन ठिकाणी पेन्सिल टेकवली, एका ठिकाणी काही दुरुस्त केलं. "सगळं एका गोष्टीवर अडतंय," ते म्हणाले. "वाटेतलं पाणी संपल्यावर टेल नुसत्या हौदावर किती दिवस काढू शकेल? त्यावरून दरवाजा परत कधी उघडायचा ते ठरेल. लवकर उघडलास तर शाखेची टाकी भरणार नाही, उशिरा उघडलास तर टेल कोरडं. आणि ते फक्त इद्रिस सांगू शकतो." मग फोन माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तूच विचार. तुझी त्याची ओळख झाली आहे."

फोन लागायला तासभर गेला. लागला तेव्हा समुद्राच्या तळातून आल्यासारखा आवाज, आणि त्यात राग मात्र अगदी स्पष्ट. मी माझं नाव सांगितलं.

"म्हणजे ती तू," इद्रिस म्हणाला. "तीन टेलेक्स पाठवले मी. तीन! का सोडलंस पाणी?"

"मला वाटलं तुम्ही संकोचताय."

त्याने तो शब्द मला पुन्हा म्हणायला लावला.

"मी इंजिनिअर आहे," तो म्हणाला. "मी पातळी कळवतो. पातळीत संकोच कुठून येतो?"

मी कामाचं बोलले. शाखेच्या गावाचं सांगितलं, दरवाजा बंद करायचा बेत सांगितला आणि विचारलं, हौदावर किती दिवस काढाल? तो बाजूच्या कुणाशी तरी त्याच्या भाषेत बोलला, कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "तुझ्या कृपेने दोन्ही हौद भरलेले आहेत. बागांचं पाणी बंद करतो. पाच दिवस."

फोन ठेवला आणि माझी खरी परीक्षा तिथे सुरू झाली. पाच म्हणजे किती? अभिमानी माणूस दिसतोय, रागात जास्त सांगितलं असेल तर? म्हणजे खरे तीनच असतील? की दुसऱ्या गावाची अडचण ऐकून भिडेपोटी पाच म्हणाला? बारा गावांचं पाणी पिऊनही माझं मन आत्याच्या ओट्याशीच घुटमळत होतं. हॅलम साहेबांनी विचारलं, "किती धरायचे?"

संध्याकाळी विचार करून सांगते, म्हटलं. त्यांनी मान हलवली. दरवाजा आवळायला सुरुवात त्या दिवशी झालीच; परत कधी उघडायचा, ते ठरवायला एक दिवस हातात होता.

त्या संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. आत्या आमटी ढवळत होती. ऐकता ऐकता तिचा पळी धरलेला हात थांबला.

"म्हणजे मी शिकवलं ते चूक?"

"तसं नाही गं आत्या."

"तसंच आहे. अगं बये, माणसाला वाढणं वेगळं आणि कालव्याला वाढणं वेगळं! कालव्याला काय पोट असतं आत आणखी एक पुरी मावायला?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि तू काय बघत होतीस इतके दिवस? मी काय तोंडाकडे बघून वाढते? नको म्हणणाऱ्याच्या हाताकडे बघायचं. बोटं पसरलेली असली की वाढायचं. बोटं मिटलेली असली की पातेलं घेऊन पुढे सरकायचं. मी सरकत नाही का? काकांना कधी जबरदस्ती केलेली बघितलीस?"

काका पेपरामागून म्हणाले, "रोज करतेस."

"तुम्ही गप बसा हो."

मी म्हटलं, "आत्या, फोनवर हात दिसत नाही. टेलेक्सवर तर नाहीच नाही."

आत्याने पळी पातेल्यात सोडली आणि माझ्याकडे बघितलं. "मग जिथे हात दिसत नाही तिथे माणूस म्हणेल ते खरं धरायचं," ती म्हणाली. "दुसरं काय करणार? तुझ्या मनाचं त्याच्या तोंडात घालणार?" आणि रुबार्बची आमटी माझ्या वाटीत ओतली. मी नको म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॅलम साहेबांना सांगितलं, पाच म्हणजे पाच. एकही दिवस कमी नाही, एकही जास्त नाही. त्यांनी विचारलं, "खात्री आहे?" मी म्हटलं, "माझी नाही. त्यांची आहे." आणि त्या हिशेबाने दरवाजा उघडायची वेळ कळवून टाकली. मला ड्रॉइंगच्या खोलीत पाठवायचं त्या दिवशी कुणी बोललं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही.

शाखेची टाकी भरायला लागली. त्यांचे टेलेक्स आता वीतभर येऊ लागले, आणि मी ते अक्षर न् अक्षर वाचायची. मग ठरल्या वेळी फाट्याखालचा दरवाजा परत उघडला आणि नुसती वाट बघणं उरलं. हे वाट बघणं मला अजून चांगलं आठवतं. पाणी निघालेलं असतं पण कुठेच दिसत नाही, रोज एकेका ठाण्यावरून ते पुढे गेल्याचं कळतं, आणि आपण बेसिंगस्टोकच्या बोळात नकाशावरची टाचणी एक बोट पुढे सरकवतो. दरवाजा आणखी जरासा उघडावा म्हणून हात शिवशिवायचे. मी हात खुर्चीखाली दाबून बसायची आणि मनात म्हणायची, ते निघालंय, येतंय, थांब की जरा. आता म्हणे हे सगळं संगणक करतो. ईराचा बाबा मला मोबाईलवर असले दरवाजे आपोआप हलताना दाखवतो. छानच आहे. संगणकाला आत्या नसते, त्याचा फायदा आहेच.

टेलने हौदावर काढायच्या पाचव्या दिवशी तिथला टेलेक्स नेहमीच्या वेळी आला नाही. बाकीच्या ठाण्यांचे आले, त्यांचे कागद टराटरा फाडून झाले. किटली दोनदा उकळली, चहा कुणी केला नाही. हॅलम साहेब येऊन माझ्या टेबलाच्या कडेला टेकले. माझ्या डोळ्यांसमोर दोन रिकामे हौद, तळाला ओल, आणि त्यांच्या काठाशी मी कधी न पाहिलेला एक माणूस. पाच म्हणाला होता तो. मी पाच धरले होते. आणखी काही करायचं माझ्या हातात नव्हतं आणि केलंही नसतं. मग यंत्र खडखडलं.

"पाणी आलं. इतकंच राहू द्या."

इतकंच राहू दिलं. एक बोटही इकडे तिकडे नाही. हॅलम साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. विनोद केला नव्हता, तरी आम्ही सगळे हसलो.

पुढे हिवाळ्यात इद्रिस कामासाठी इंग्लंडला आला. मला वाटत होतं कुणी दाढीवाला उग्र गृहस्थ असेल. निघाला माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठा, शिडशिडीत, थंडीने काकडलेला, ऑफिसात कोट घालूनच बसणारा. माझ्याशी तो पहिले दोन दिवस फक्त पातळ्यांबद्दल बोलला. तिसऱ्या दिवशी आत्याचा हुकूम झाला: "त्या माणसाचं आपण नुकसान केलंय. जेवायला बोलाव." मी म्हटलं, आत्या, मी बोलावते, पण वाढणार मी. तू पातेल्याला हात लावायचा नाहीस. ती कशी कोण जाणे, कबूल झाली.

इस्त्रीचं टेबल जोडलं. काका होते, मनगटवाला डॉक्टर होता. इद्रिसने बुटक्या कोबीची भाजी संशयाने खाल्ली, श्रीखंड शांतपणे खाल्लं, पण रुबार्बची आमटी पहिल्यांदा भुरकली आणि थांबून वाटीत बघितलं. मग भात कालवून ती संपवली. मी पळी घेऊन पुढे झाले. त्याने हात वाटीवर आडवा धरला आणि म्हणाला, "पुरे. धन्यवाद."

मी जागच्या जागी थांबले. पळी वर, आमटी ठिबकतेय, मागे ओट्याशी आत्याचा श्वास अडकलेला. मी त्याच्या बोटांकडे बघितलं, पसरलेली होती. पण मी आता पुष्कळ शिकले होते. मी पळी परत पातेल्यात ठेवली, झाकण लावलं आणि म्हटलं, "ठीक आहे."

इद्रिसने माझ्याकडे बघितलं, मग झाकणाकडे, मग वाटीवरचा हात हळूच बाजूला घेतला.

"हे बघ," तो म्हणाला, "पाण्याच्या वेळी मी खरं बोलत होतो. आत्ता खोटं बोलतोय. वाढ."